धुणाऱ्याचा ठिपका

"सांधा दिसायलाय."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते सरस्वतीपुरममधल्या एका घराच्या गच्चीवर, माझ्याच वाळत घातलेल्या कपड्यांसमोर. सोलापूरहून म्हैसूरला येऊन मला तिसराच दिवस होता. धुणं दोरीवर टाकून मी खाली निघाले होते, आणि घरमालक हात मागे बांधून, मान तिरकी करून दोरीकडे बघत उभे होते. मला वाटलं, दोरी तुटायला आली असावी. तसं काही नव्हतं. माझ्या तीन कुडत्यांचे खालचे काठ एका रेषेत नव्हते, आणि चिमट्यांमध्ये एक निळा होता, बाकीचे पिवळे.

"नोडु मगळे," ते अगदी मायेनं म्हणाले, "कपडा वेगळा असू दे, रंग वेगळा असू दे. पण एक सरून दुसरा लागतो तिथं डोळा अडकायचा नाही. स्वल्प सरळ कर. अष्टे."

'नोडु' म्हणजे बघ, 'मगळे' म्हणजे मुली, 'स्वल्प' म्हणजे थोडंसं आणि 'अष्टे' म्हणजे एवढंच. कन्नडचे माझे पहिले चार शब्द हेच. त्यातल्या शेवटच्या शब्दावर मात्र मी कधीच विश्वास ठेवला नाही, कारण त्यांचं एवढंच कधी एवढ्यावर थांबत नसे. कुडते सरळ झाल्यावर त्यांनी दोरीचा ताण तपासला, मग खुंटीची उंची, आणि मग मला पिवळा चिमटा आणून दिला.

घरमालकाची ही तऱ्हा मी हसून सोडून दिली असती. पण हेच गृहस्थ माझ्या ऑफिसातले सगळ्यात ज्येष्ठ प्रोग्रॅमर आणि आमच्या गटाचे प्रमुख होते, आणि माझं सगळं काम त्यांच्या हाताखालून जायचं होतं. मुलाखतीत माझं आडनाव वाचून त्यांनी मराठीत विचारलं होतं, "राहायला कुठं?" मी तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर दिलं, "आमच्याकडं वरची खोली हाय." नोकरी आणि खोली मला एकाच मिनिटात मिळाली, आणि मी भाग्यवान आहे असं मला वाटलं. ते गच्चीपर्यंत टिकलं.

ऑफिस हिनकलला, टायरच्या एका दुकानाच्या वर. रोज सकाळी मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून जायची. त्याचाही नियम होता. घरापासून रिंग रोडपर्यंत ते 'काका' आणि मी 'मगळे'. रिंग रोड ओलांडला की ते 'सर' आणि मी आडनाव. एकदा रिंग रोडच्या सिग्नलला आम्ही बरोबर मध्यावर अडकलो होतो आणि मला काहीतरी विचारायचं होतं. त्यांनी हात वर करून थांबवलं. "सिग्नल सुटू दे. आता तू कोण हे मलाच नक्की नाही."

छप्पन्न वर्षांचे, सडपातळ, बाह्या मनगटापर्यंत बटणबंद, आणि खिशात पेनाच्या शेजारी सहा इंची स्टीलची पट्टी. संगणकावर काम करणाऱ्या माणसाला पट्टी कशाला लागते, हे मी पहिल्याच आठवड्यात चैत्राला विचारलं. चैत्रा माझ्या शेजारच्या टेबलावरची. मंड्याची मुलगी, मराठीचा एक शब्द न येणारी. (तिचं बोलणं इथे मीच मराठीत आणते आहे.) ती म्हणाली, "थांब. तुझा कागद येऊ दे."

कागद दुसऱ्या दिवशी आला. सर सकाळी साडेसातला ऑफिसात पोचत, कारण त्या दिवसांत मला घेऊन नऊला येण्याआधी त्यांची एक फेरी झालेली असे. आदल्या दिवशी प्रत्येकानं लिहिलेला सगळा कोड ते छापून काढत, लाल पेन आणि पट्टी घेऊन बसत, आणि तपासलेले कागद ज्याच्या त्याच्या खुर्चीवर ठेवून, परत घरी येऊन, आंघोळ करून, मला घेऊन पुन्हा जात. माझ्या पहिल्या कागदावर लाल रंग इतका होता की मला वाटलं पेन फुटलं. माझ्या प्रोग्रॅममध्ये चूक एकही नव्हती. तो उत्तम चालत होता. पण अठ्ठावीस ठिकाणी समासात एकच शब्द होता: सांधा.

ज्यांना या धंद्याचा गंध नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही ज्या भाषेत लिहितो तिचं नाव जावास्क्रिप्ट. ती मोठी गरीब भाषा आहे, काहीही चालवून घेते. ओळीच्या शेवटी अर्धविराम द्या नाहीतर देऊ नका. अवतरणचिन्ह एकेरी घ्या नाहीतर दुहेरी. ओळ आत सरकवायला टॅबची कळ दाबा नाहीतर चार वेळा स्पेस. संगणकाला काडीचा फरक पडत नाही. माणसांना मात्र पडतो, आणि अकरा माणसं एकाच प्रोग्रॅममध्ये लिहीत असली की अकरा तऱ्हा होतात. मी अर्धविराम देणारी, चैत्रा न देणारी. मी स्पेसवाली, ती टॅबवाली. यावरून आमच्यात जे बोलणं झालं ते एका घरात नांदणाऱ्या जावांमध्येही झालं नसेल.

सरांना कागदावर लिहिणाऱ्याचं नाव लागत नसे. पहिल्या तीन ओळी बघून ते सांगत, "ही चैत्रा. इथं चहा प्यायला गेली. परत आली तेव्हा राग होता." आणि ते बरोबर असे. पण हे ओळखता येणं त्यांना कौतुकाचं वाटत नसे, लाजेचं वाटे. "हात ओळखू यायला लागला म्हणजे काम बिघडलं," असं म्हणत.

याचं मूळ त्यांच्या टेबलावर होतं. कागदावर वजन म्हणून ते एक लाकडी ठसा ठेवत, तळहाताएवढा, कमळाचं फूल कोरलेला आणि एक पाकळी तुटलेला. त्यांचं घराणं रंगाऱ्यांचं. किती पिढ्यांपूर्वी म्हैसूरला आलं हे त्यांनाही सांगता येत नसे, पण घरात मराठी टिकली होती, निम्मी कन्नड पोटात घेऊन. वडील, आजोबा, चुलते, सगळे कापडाच्या थानांवर, म्हणजे अख्ख्या ताग्यांवर, ठसे मारणारे. एक ठसा मारला की दुसरा त्याच्या काठाला असा भिडवायचा की जोड कुठे आहे हे रंगाऱ्यालाही सापडू नये. जोड दिसला तर आजोबा म्हणत, सांधा दिसायलाय. नातवानं ठसा सोडून कीबोर्ड धरला, आणि वाक्य तेवढं बरोबर आणलं.

काकूंना हे सगळं तोंडपाठ होतं आणि त्यांनी त्यावर इलाज शोधला होता. स्वयंपाकघरातला ओट्याखालचा एक खण काकूंचा. त्यात रबरं, फुटके चमचे, संपलेल्या बॅटऱ्या, लग्नपत्रिका, अर्धी मेणबत्ती, सगळं एकात एक. तो उघडायची काकांना बंदी होती. "घर सगळं तुमचं," काकूंनी त्यांना लग्नानंतरच सांगितलं होतं म्हणे, "ह्यो खण माझा. ह्यात हात घातलात तर मी माहेरी." काका त्या खणासमोरून जाताना मान दुसरीकडे वळवत. हे मी स्वतः पाहिलं आहे.

आता माझं सांगते. मला सहा महिन्यांच्या परीक्षेवर घेतलं होतं. बाबांनी निघतानाच बजावलं होतं, "पक्की झालीस तर राहा. नाहीतर सरळ परत ये, मामाच्या शाळेत कारकुनाची जागा धरून ठेवलीय." मामाच्या शाळेत मी दहा वर्षं काढली होती आणि त्यातली नऊ तिथून कधी सुटेन याचा विचार करण्यात गेली होती. त्यामुळे मला पक्कं व्हायचंच होतं, चिमट्यांचा रंग कुठलाही असो.

पाचव्या महिन्यात आमच्या मॅनेजर मॅडमनी बैठक घेतली आणि सांगितलं की आता कागद बंद. बाहेर सगळीकडे हे काम यंत्र करतं. एक प्रोग्रॅम असतो, तो फाइल साठवताक्षणी सगळ्या ओळी सरळ करतो. दुसरा असतो तो दारावर बसतो. नियमाबाहेरचं काही असलं तर कोड आत घेतच नाही. मॅडमना वाटलं सर खूश होतील. आम्हालाही वाटलं. साऱ्या जगात सरळ रेषेवर एवढं प्रेम करणारा दुसरा माणूस नव्हता.

सरांनी हातातलं लाल पेन बंद केलं. पट्टी खिशात ठेवली, ठसा उचलून फडक्यानं पुसला, पुन्हा ठेवला.

तिसऱ्या दिवशी काकू जिना चढून वर आल्या. "काय गं, काय झालंय तुमच्या आफिसात? दोन दिस झाले, अन्न-सारू पुढं ठेवलं तर बेडा बेडा, नको नको करायलेत. काल माझा खण उघडा होता तर आत बघून पुढं गेले. काही बोलले नाहीत." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "बघितलं गं त्यांनी. आणि काही म्हणालेच नाहीत."

मी खाली गेले. काका पडवीत बसले होते. मी विचारायच्या आधीच म्हणाले, "आप्पांच्या, आमच्या वडलांच्या वेळी मशीनचं कापड आलं. सहा महिने आप्पा कुणाशी बोलले नाहीत. मग एक दिवस माळ्यावरचे सगळे ठसे काढून न्हाणीघरात नेले आणि हंड्याखाली घातले. आठवडाभर आमच्या आंघोळीचं पाणी ठशांवर तापलं. सागवान हो, मस्त जळायचं." मग हळूच, "मी एक चोरला. पाकळी तुटकी होती म्हणून त्यांना वाटलं कुणीतरी टाकून दिला असंल."

त्यांचे साडेसातचे कागद, लाल पेन, ते सगळं आम्ही इतके दिवस चेष्टेवारी नेलं होतं, आणि त्या माणसाच्या सकाळी त्याच्याच डोळ्यांदेखत उचलून नेल्या जात होत्या. मला फार वाईट वाटलं, आणि आपण पाच महिने फिदीफिदी हसलो याची लाजही वाटली.

"सरी, बरं," ते उठून म्हणाले, "आणायचंच असंल तर मीच बसवतो. दुसऱ्या कुणी बसवलं तर वाकडं बसवंल."

मग त्यांनी जे केलं त्याला आमच्या ऑफिसात अजून 'निवडणूक' म्हणतात. यंत्राला आधी नियम सांगावे लागतात, आणि सरांनी प्रत्येक नियमाची स्वतंत्र सभा लावली. अर्धविरामाला एक दिवस. अवतरणचिन्हाला दोन. टॅब की स्पेस याला पूर्ण आठवडा, दोन्ही बाजूंची भाषणं, आणि शेवटी बिस्किटाच्या डब्यात चिठ्ठ्या टाकून गुप्त मतदान. सहा विरुद्ध पाच मतांनी स्पेस जिंकली, चार स्पेस. चैत्रानं फेरमोजणी मागितली. सरांनी ती दिलीही, आणि मग सगळ्यांच्या सह्या घेऊन तो कागद भिंतीवर लावला, पट्टीनं मोजून.

आमच्या प्रोग्रॅममध्ये एक फार जुनी फाइल होती, कुणी लिहिली माहीत नाही, हात लावला की दुसरीकडे काहीतरी पडायचं. यंत्रानं तिला शिवू नये अशी सोय असते. सरांनी त्या यादीत तिचं नाव घातलं आणि वर शेरा लिहिला: काकूंचा खण. आणि यंत्र जेव्हा एखादी ओळ अडवतं तेव्हा इंग्रजीत लांबलचक कारण देतं, ते त्यांनी काढून टाकलं. त्या जागी देवनागरीत दोनच शब्द येत: सांधा दिसायलाय. सगळं कन्नड ऑफिस महिन्याभरात 'संधा, संधा' म्हणत एकमेकांना हाका मारायला लागलं.

शेवटी सगळा जुना कोड यंत्राखालून काढायचा दिवस आला. सर धुतलेला पांढरा शर्ट घालून आले. काकूंनी डब्यातून म्हैसूरपाक पाठवला होता. आम्ही सगळे त्यांच्या पाठीमागे उभे. त्यांनी ठशाला हात लावला आणि कळ दाबली. चौदा वर्षांचा कोड वरून खाली सरकला आणि थांबला. चार सेकंद लागले.

"झालं?" त्यांनी चैत्राला विचारलं.

"झालं, सार."

"अय्यो," सर म्हणाले, "निदान चहा पिऊन होईपर्यंत तरी चालायचं होतं."

यानंतर दोनच आठवड्यांनी माझी पाळी आली.

पिरियापट्टणला तंबाखूच्या एका व्यापाऱ्याच्या गोदामासाठी आम्ही काम करत होतो. शेतकरी तंबाखूच्या गाठी घेऊन येत, प्रत्येकाला क्रमांक मिळे, आणि वजनाला कुणाची पाळी हे मोठ्या पडद्यावर दिसे. क्रमांक ओळीनं लावायचा भाग माझा होता. जावास्क्रिप्ट ही गरीब भाषा आहे हे मी मघाशी सांगितलं. तिला नीट बजावलं नाही तर ती आकड्यांनाही शब्द समजते आणि शब्दकोशासारखे लावते. म्हणजे एकनंतर दोन नाही. एकनंतर दहा, मग अकरा, मग बारा, आणि एकोणीसनंतर दोन. मी बजावायचं विसरले होते. तपासताना माझ्याकडे नऊच क्रमांक होते, त्यामुळे सगळं छान दिसलं. यंत्रानंही पसंत केलं. ओळ अगदी सरळ होती, सांधा कुठेच नव्हता. फक्त चुकीची होती.

हंगामाच्या पहिल्याच सकाळी दोन क्रमांकाचे आजोबा पहाटेपासून गाठीवर बसलेले, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर दहा ते एकोणीस दिमाखात आत गेले. आजोबांनी पडद्यावर चप्पल फेकली. व्यापाऱ्यानं मॅडमना फोन केला. मॅडमनी आम्हाला आत बोलावलं.

आमच्या धंद्यात प्रत्येक ओळीला शेवटचा हात कुणी लावला ते नोंदलेलं असतं. एक बटण दाबलं की ओळीशेजारी नाव येतं. मॅडमनी ती ओळ भिंतीवरच्या पडद्यावर उघडली आणि चैत्राला म्हणाल्या, "कुणाची?"

चैत्रानं बटण दाबलं. नाव सरांचं आलं.

वरच्या ओळीला सरांचं. खालच्या ओळीलाही. चैत्रा फाइल सरकवत गेली आणि सरांचं नाव जिन्यावरून उतरल्यासारखं खाली येत राहिलं. टॅब जाऊन स्पेस आल्या आणि अर्धविराम, अवतरणचिन्हं एकसारखी झाली तेव्हा झाडून सगळ्या ओळी बदलल्या होत्या, आणि कळ सरांनी दाबली होती. चौदा वर्षांत अकरा-बारा जणांनी लिहिलेला सगळा प्रोग्रॅम आता एकट्या त्यांचा होता.

सरांनी पडद्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. एका क्षणात त्यांना कळलं, अवतरणचिन्हं गेली तरी त्यांना माझा हात ओळखू आला.

"हौदु," मान डोलावून ते म्हणाले, "माझी."

मामाची शाळा डोळ्यांसमोर आली, तिथल्या हजेरीपुस्तकांच्या वासासकट. गप्प बसायला काहीच लागत नव्हतं. पुरावाच नव्हता. आणि मी गप्प बसले. मोजून सांगायचं तर भिंतीवरच्या घड्याळाचा मोठा काटा एक घर पुढे गेला, तेवढा वेळ मी त्या माणसाला माझ्या चुकीखाली उभं राहू दिलं. ते आठवलं की अजून कान तापतात.

मग उठले. "मॅडम, ती ओळ माझी आहे."

"इथे सरांचं नाव आहे."

"ते सगळ्याच ओळींवर आहे."

"म्हणजे सगळंच सरांनी लिहिलंय?" मॅडम बिचाऱ्या खरोखर गोंधळल्या.

"सुम्ने, गप्प बस, मगळे," सर म्हणाले.

"बसणार नाही, काका."

रिंग रोडच्या अलीकडचे दोन शब्द पलीकडे आले होते आणि ते आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. चैत्रानं हळूच सुचवलं, "मॅडम, जुना इतिहास उघडला तर खालचं खरं नाव दिसतं. उघडू?"

सरांनी खिशातली पट्टी काढून टेबलावर आपटली. त्यांना चिडलेलं मी तेवढंच एकदा पाहिलं. "उघडायचं नाही! थान धुवून वाळलंय. आता रंगाखाली नख घालायचं नाही कुणी."

यातलं मराठी मॅडमना कळलं नाही, पट्टी कळली. त्यांनी ठरवलं की चूक सरांची. प्रमुखपद हंगामभर चैत्राकडे, आणि सरांनी उद्या सकाळी पिरियापट्टणला जाऊन माफी मागायची आणि गोदामात दोन दिवस उभं राहायचं. छप्पन्नाव्या वर्षी, तपासणीचे कागद गेलेले, त्यात प्रमुखपदही गेलं. सरांनी मान डोलावली आणि ओळ अर्ध्या तासात दुरुस्त केली.

दुसऱ्या दिवशी मीही रजा टाकून बसनं गेले. गोदामाच्या आवारात बघते तर काय, हातात कर्णा घेऊन सर स्टुलावर उभे, आणि समोर पन्नासेक शेतकरी, गाठींसकट, दोरी लावल्यासारखे एका रेषेत. दोन क्रमांकाचे आजोबा सरांच्या शेजारी खुर्चीवर, हातात पट्टी, कुणाची गाठ पुढे आली की तिला टोचत होते. "सांधा!" असं त्यांनी एका दांडग्या माणसाला ओरडलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं. सरांनी मला बघितलं, कर्णा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "एकपासून म्हण. दोन विसरू नको."

संध्याकाळच्या बसमध्ये मी विचारलं, "काका, का केलंत असं?"

ते खिडकीबाहेर बघत होते. "एक थान पाच-सहा हातांखालून जायचं. आप्पा, काका, आत्या. शेवटी कुणीतरी तळ्यावर नेऊन धुवायचं. धुणारा काठाला आपला ठिपका द्यायचा. ठिपका पडला की मग आत काही डाग निघाला, काही सरकलं, तर उत्तर धुणाऱ्यानं द्यायचं. हा हात आत्याचा, हा काकाचा, असं घरात कुणी म्हणायचं नाही. म्हटलं तर त्या घरात पुढचं थान कोण मारील?" मग माझ्याकडे वळून, "कळ मी दाबली की नाही? अष्टे." त्या दिवशी मात्र ते तेवढ्यावर थांबले.

पुढच्या महिन्यात मॅडमनी मला पक्कं झाल्याचं पत्र दिलं. देताना एकच वाक्य बोलल्या, "क्रमांक नीट लावत जा." त्यांना सगळं कळलं होतं.

सरांना प्रमुखपद परत मिळालं, पण त्यांनी ते चैत्रालाच ठेवू दिलं. साडेसातला मात्र जात राहिले. काय करता विचारलं तर म्हणत, "यंत्रानं रात्री काही वाकडं केलं नाही ना, बघतो." यंत्र रात्री बंद असे. ओळींची खरी नावं पुन्हा दिसावीत यासाठी एक साधी सोय आहे, एका फाइलमध्ये एक ओळ लिहायची. ती लिहा म्हणून त्यांना सगळ्यांनी सांगितलं. शेवटपर्यंत त्यांनी लिहिली नाही. काही मोडलं की आधी त्यांचं नाव यायचं, ते "माझी" म्हणायचे, आणि दुरुस्त करायचे. साठाव्या वर्षी निवृत्त झाले तेव्हा ठसा घेऊन गेले, पट्टी मला देऊन.

आता त्यांच्या खुर्चीवर मी बसते. गेल्या महिन्यात ऑफिसनं नवी माणसं घेतली, त्यांनी नवी निवडणूक मागितली, आणि चार स्पेसच्या जागी दोन आल्या. म्हणजे सगळा कोड पुन्हा यंत्राखालून काढायचा, पुन्हा झाडून सगळ्या ओळी बदलायच्या. कळ मी दाबायची होती. मला ती दाबवेना. एक आठवडा मी काही ना काही कारण काढलं. कळ दाबली की त्यांचं नाव सगळीकडून जाणार होतं, चार सेकंदांत.

शेवटी काकांच्या घरी फोन केला. काकूंनी उचलला, म्हणाल्या, माझा खण लावायलेत, मीच सांगितलं, आता वय झालं, लावू दे. मग काका आले. मी सगळं सांगितलं.

"दोनच स्पेस?" ते म्हणाले. "कापड आवळंल की गं."

"काका, तुमचं नाव जाईल."

"जाऊ दे की मगळे. किती वर्षं मी एकट्यानंच शिव्या खायच्या? आता तू खा."

मी दुसऱ्या दिवशी धुतलेला कुडता घालून गेले आणि कळ दाबली.

पहिली तक्रार आली ती या मंगळवारी. पिरियापट्टणच्या गोदामात कुणीतरी जुन्या वर्षांच्या नोंदींचं पान उघडलं. ते पान वर्षानुवर्षं कुणी उघडलंच नव्हतं. त्यावरची प्रत्येक तारीख एक महिना मागे होती. जावास्क्रिप्टमध्ये महिने शून्यापासून मोजतात, जानेवारी म्हणजे शून्य. दाखवताना एक मिळवायचा असतो. इथे मिळवायचा राहिला होता. ऑफिसात येणाऱ्या प्रत्येक माणसाला पहिल्याच दिवशी ज्यांनी हे बजावलं, मला तर स्कूटरवर बजावलं, त्यांच्याच हातून. हात मी ओळखला. यंत्र ओळी सरळ करतं, लिहिणाऱ्यानं वस्तूंना दिलेली नावं बदलत नाही. आणि तारखांच्या यादीला 'थान' असं नाव देणारा माणूस आमच्या ऑफिसात एकच होऊन गेला.

बैठकीत चैत्रानं ओळ पडद्यावर उघडली. 'थान' तिनंही वाचलं असावं, कारण बटण दाबायच्या आधी ती माझ्याकडे बघून थांबली. मग दाबलं. नाव माझं आलं.

"कुणाची?" तिनं विचारलं.

"माझी," मी म्हटलं, आणि दुरुस्त करायला बसले.